अभ्यासविषयांची कुंपणे आणि राज्यशास्त्र

काही वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मी महाराष्ट्राची रोजगार हमी योजना शिकवीत होतो. खर्च, मजुरीचे दर, निर्माण झालेले मनुष्यदिवस हे सारे मांडून झाल्यावर दुष्काळी तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘सर, या योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांकडून कर घेतला गेला. गावाकडच्या मजुरांसाठी त्यांनी तो का द्यावा, आणि हे ठरविले कोणी?’ मी म्हणालो, ‘हा राज्यशास्त्राचा प्रश्न आहे.’ तो शेजारच्या विभागात गेला. तेथे त्याला सांगण्यात आले की, कर आणि खर्च यांविषयी अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारावे. त्यानंतर त्याने तो प्रश्न कोणालाच विचारला नाही. त्याची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर होती, हे मला वर्षअखेरीस कळले आणि माझ्या उत्तराची लाज वाटली.

तो प्रश्न खरोखर कोणत्या विषयाचा होता? मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. त्याआधी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून मागेल त्याला काम देण्याचा लहानसा प्रयोग झाला होता. त्यातून पुढे राज्याची योजना उभी राहिली. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. तिच्यासाठी निधी उभा करण्याकरिता १९७५ मध्ये व्यवसाय कर बसविण्यात आला होता. त्यातून येणाऱ्या रकमेइतकीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची, अशी व्यवस्था होती.

हा कर आजही माझ्या वेतनातून कापला जातो. दरमहा २०० रुपये, आणि फेब्रुवारीत मात्र ३०० रुपये. फेब्रुवारीतील या शंभर रुपयांचे कोडे अर्थशास्त्राच्या पुस्तकात सुटत नाही. संविधानाच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. अकरा महिन्यांचे २,२०० आणि फेब्रुवारीचे ३०० मिळून ती मर्यादा नेमकी भरते. म्हणजे एका कारकुनाच्या वेतनपत्रकातील एक ओळ समजून घ्यावयाची, तर संविधान, केंद्र-राज्य संबंध आणि सार्वजनिक वित्तव्यवहार या तिन्हींचे ज्ञान एकत्र आणावे लागते. आपल्या महाविद्यालयांत ते तीन निरनिराळ्या तासिकांना शिकविले जाते, आणि त्यांची गाठ कधी पडत नाही.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तरही असेच विखुरलेले आहे. विधिमंडळात ग्रामीण मतदारसंघांचे बहुमत होते. पाझर तलाव, रस्ते आणि बांधबंदिस्ती यांचा लाभ जमीनदारांनाही होणार होता, आणि मजूर गाव सोडून शहराकडे जाणार नाहीत, हेही त्यांच्या सोयीचे होते. शहरांवर येणारा लोंढा थांबावा, अशी नागरी वर्गाचीही इच्छा होती. दुसऱ्या बाजूने, शेतमजुरांच्या संघटना आणि डावे पक्ष कामाच्या हक्कासाठी मोर्चे काढीत होते. या सर्वांचा मेळ बसला म्हणून कायदा झाला. त्यात कोणाचे पारडे किती जड होते, हे ठरविण्यासाठी मतदारसंघांचा नकाशा आणि जमीनधारणेचे तक्ते शेजारी शेजारी मांडावे लागतात.

कायदा झाल्यानंतरचा इतिहासही हेच सांगतो. १९८८ मध्ये योजनेवरील मजुरीचा दर किमान वेतनाच्या वाढीबरोबर जवळजवळ दुप्पट झाला. दर वाढला म्हणजे कामावर येणारे वाढतील, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात कामावरील उपस्थिती घटली. अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासून दाखवून दिले की, मागणी असूनही कामे पुरेशी काढली गेली नाहीत. त्यांचे काम तेथे संपले. पण ‘हमी’ कागदावर असताना काम नाकारले कोणी, कोणत्या तालुक्यात नाकारले आणि नाकारलेल्यांना दाद का मागता आली नाही, हे प्रश्न सत्तेविषयीचे आहेत. राज्यशास्त्राने ते हाती घेतले नाहीत, तर हक्काचा कायदा आणि हक्काचा अनुभव यांतील अंतर अभ्यासाबाहेरच राहते.

ही कुंपणे सनातन नाहीत. ज्या शब्दाने आज माझा विषय ओळखला जातो, तो कौटिल्याच्या ग्रंथाचे नाव आहे, आणि त्या ग्रंथात कोश, खाणी आणि वजनमापे यांच्या जोडीने हेर, दंड आणि संधिविग्रह यांची चर्चा आहे. युरोपातही दीर्घकाळ ‘राजकीय अर्थशास्त्र’ असाच शब्द रूढ होता. आल्फ्रेड मार्शल यांचा ग्रंथ १८९० मध्ये आला, तेव्हा शीर्षकातून ‘राजकीय’ हे विशेषण गळाले होते. १९०३ मध्ये केंब्रिजला अर्थशास्त्राची स्वतंत्र परीक्षा सुरू झाली. आपली विद्यापीठे परीक्षांच्या त्या साच्यावर घडली.

महाराष्ट्राची स्वतःची परंपरा मात्र निराळी होती. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात शेतसारा, जंगल, पाणी, शिक्षण आणि जातिव्यवस्था यांचा एकाच सूत्राने विचार केला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला तो मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ आला आणि १९२५ मध्ये प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील. प्रांतांच्या तिजोरीचा असा अभ्यास केलेली व्यक्ती पुढे संविधानाच्या मसुदा समितीची अध्यक्ष झाली, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वचितच सांगितली जाते. पुण्यात १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र एकत्र आहेत. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची पाहणी केली. ती १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. लवकरच ते विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासह प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत उतरले आणि त्याचे पहिले अध्यक्ष झाले. साखर कारखाना आणि मतदारसंघ यांचे पुढे जे नाते जडले, ते निव्वळ उसाच्या भावावरून किंवा निव्वळ पक्षांच्या इतिहासावरून उलगडत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो गंभीर आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसा दोन विषयांचा विद्यार्थी दोन्हींत कच्चा राहील, असे अनेक अनुभवी प्राध्यापक म्हणतात. थोडे हे, थोडे ते असे मिश्रण केले तर तसेच होईल. परंतु एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे उदाहरण पाहावे. त्यांची डॉक्टरेट राज्यशास्त्रातील. लॉस एंजेलिस परिसरातील भूजलाचे व्यवस्थापन हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. सामाईक साधनसंपत्ती लोक परस्परांत नियम करून कशी टिकवितात, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर लावून धरला आणि त्यासाठी जे जे शास्त्र लागले ते शिकून घेतले. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कच्च्या राहिल्या नाहीत, कारण त्यांचा प्रश्न पक्का होता.

येथे माझ्या शास्त्राचा एक दोषही मान्य केला पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ शेजारच्या घरी पाहुणा म्हणून जात नाही. तो मालकी सांगतो. मतदार म्हणजे गिऱ्हाईक आणि पक्ष म्हणजे दुकान, असे समीकरण मांडून तो निवडणूक समजावून देऊ पाहतो. एका मताने निकाल बदलण्याचा संभव नगण्य असताना शेतमजूर बाई दिवसाची मजुरी बुडवून उन्हात रांगेत का उभी राहते, याचे उत्तर त्याच्या समीकरणात नीट बसत नाही. ते प्रतिष्ठेच्या, जातीच्या आणि समतेच्या भावनेत शोधावे लागते, आणि त्यासाठी आम्हीही राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांच्यापाशी शिष्यभावाने बसले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. मुख्य विषय, दुय्यम विषय, इतर शाखेतील ऐच्छिक विषय अशी नवी रचना महाविद्यालयांत आली आहे. हेतू चांगला आहे. पण विषयांची यादी लांबविणे म्हणजे विषयांचा सांधा जोडणे नव्हे. दोन अनोळखी विषय एका गुणपत्रिकेत आले, एवढ्याने ते परस्परांशी बोलू लागत नाहीत. जोडण्याचे काम विद्यार्थ्यावर सोपवून प्राध्यापक आपापल्या विभागांत बसून राहिले, तर नवे नाव घेऊन जुनेच चालू राहील.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा नको. प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एक प्रश्न निवडावा : पाणीवाटप, साखर कारखाना, नगरपालिकेचे अंदाजपत्रक, रोजगार हमीची कामे. त्यावरच्या तासिकांना दोन विषयांचे प्राध्यापक एकाच वर्गात उभे राहावेत आणि विद्यार्थ्यांसमोर मतभेदही व्हावेत. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न दोघांनी मिळून काढावा व दोघांनी तपासावा. संशोधनात, प्रश्न दोन शास्त्रांच्या सीमेवरचा असेल तेथे मार्गदर्शक आणि परीक्षकही दोन्हींकडचे असावेत. आज असा प्रबंध ‘आमच्या विषयाचा नाही’ म्हणून दोन्ही दारांतून परत येण्याची भीती असते.

उद्याचा तलाठी, शिक्षक, वार्ताहर, सरपंच आज आपल्या वर्गांत बसलेला आहे. त्याच्यासमोर येणारा कोणताही प्रश्न विषयाचे नाव कपाळावर लिहून येणार नाही. यंदा राज्यशास्त्र विभागातील सहकाऱ्यांसह रोजगार हमीवरील चार तासिका एकत्र घेण्याचे आम्ही ठरविले आहे. पहिल्या तासिकेची सुरुवात माझ्या वेतनपत्रकातील त्या ओळीपासून होईल. तिला त्या विद्यार्थ्यालाही बोलाविले आहे. त्याचे उत्तर देणे अद्याप बाकी आहे.