बाजाराच्या प्रवेशाची किल्ली व सामाईक संगणक

दूरच्या व्यापाऱ्यासहि आपल्या मालावर बोली लावतां यावी, चढाओढीनें योग्य भाव ठरावा, आणि विक्रीचा पैसा मध्येंच न अडकतां शेतकऱ्याच्या बँकेच्या खात्यांत जमा व्हावा, या हेतूनें केंद्र सरकारनें १४ एप्रिल २०१६ रोजीं राष्ट्रीय कृषि बाजार सुरू केला. यासच सर्वत्र ई-नाम असें म्हणतात. आरंभीं त्यांत आठ राज्यांतील एकवीस बाजार समित्या होत्या. पुढें महाराष्ट्रांतीलहि अनेक समित्या त्यांत सामील झाल्या. या बाजाराचें दार उघडावयाचें म्हणजे प्रवेशनाम व परवलीचा शब्द, अर्थात् पासवर्ड, हीं दोन हवींत. ही किल्ली कोठें राहून जाते व ती तेथून कशी काढावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पडघा व आसपासच्या गांवीं भात हें मुख्य पीक. जमिनीचे तुकडे लहान, आणि घरीं स्वतःचा संगणक असणारा शेतकरी विरळा. मोबाईल पुष्कळांपाशीं आहे. परंतु लांब अर्ज भरणें, सातबाऱ्याची व बँकेच्या पुस्तकाची प्रत जोडणें, हीं कामें बहुधा सोसायटीच्या कचेरींत अथवा महामार्गालगतच्या एखाद्या दुकानांतील संगणकावर उरकलीं जातात. एकाच दिवशीं एकाच यंत्रावर दहा जण बसतात. पासवर्ड लिहितांच यंत्र विचारतें कीं, हा लक्षांत ठेवूं काय? घाईनें बोट ‘सेव्ह’ या शब्दावर पडतें. वास्तविक ही सोय एकट्या धन्याच्या घरच्या यंत्राकरितां केलेली आहे. सामाईक यंत्रावर तीच सोय म्हणजे कणगीची किल्ली चावडीवर टांगून ठेवण्यासारखें होय. आपल्या नोंदींत मोबाईलचा क्रमांक, बँकेचें खातें व मालाचा तपशील असतो. परका मनुष्य आंत शिरल्यास तो हा मजकूर पाहूं शकतो, आणि त्यांत फेरफार करण्याचाहि यत्न करूं शकतो.

यंत्राची ही आठवण तीन ठिकाणीं असते, आणि एक पुसली म्हणजे बाकीच्या पुसल्या जातात असें नाहीं.

पहिली आठवण प्रवेशाच्या बिल्ल्याची. भिवंडीच्या गोदामांत शिरतांना देवडीवर बिल्ला मिळतो व तो दाखवून दिवसभर आंतबाहेर करतां येतें, तद्वत् एकदां आंत गेलेल्या मनुष्यासाठीं ब्राउझर एक खूण जपून ठेवतो. हिला ‘कुकी’ म्हणतात, व ही युक्ति १९९४ पासून प्रचारांत आहे. नुसती खिडकी बंद केल्यानें बिल्ला परत केल्यासारखें होतेंच असें नाहीं. याकरितां काम संपतांच ‘लॉग-आउट’ हा शब्द शोधून तो दाबावा. नंतर कंट्रोल, शिफ्ट व डिलीट या तीन कळा एकदम दाबाव्या. क्रोम, एज व फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांत त्यानें साफसफाईची चौकट उघडते. तींत कालावधि ‘सर्व काळ’ असा निवडून ‘कुकीज’पुढें खूण असल्याची खात्री करावी व पुसण्याची आज्ञा द्यावी. मात्र त्या यंत्रावर इतर कोणाचें काम उघडें असल्यास तेंहि बंद पडतें. सबब आधीं विचारून घ्यावें.

दुसरी आठवण खुद्द पासवर्डाची. ती ब्राउझराच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘पासवर्ड’ या सदरांत स्वतंत्र यादीच्या रूपानें असते. तेथें बाजाराच्या संकेतस्थळाचें नांव शोधून त्यापुढील आपली नोंद काढून टाकावी. येथें एक खोंच आहे. ब्राउझर जर कारकुनाच्या किंवा दुकानदाराच्या गूगल खात्याशीं जोडलेला असेल, तर आपला पासवर्ड त्या खात्यांत आणि तेथून त्याच्या मोबाईलवरहि जाऊं शकतो. म्हणून नोंद पुसतांना ती त्या खात्यांतूनहि गेली कीं नाहीं हें पाहावें.

तिसरी आठवण विक्रीव्यवहाराच्या स्वतंत्र ॲपची. मोबाईलवरील अशा ॲपांत पुष्कळदां ‘मला लक्षांत ठेवा’ अशी चौकट असते. ती खूण काढून, लॉग-आउट करून, मग मोबाईलच्या ‘सेटिंग्ज’मध्यें जाऊन त्या ॲपचा सांठलेला मजकूर पुसावा. जुना मोबाईल विकतांना अथवा मुलास देतांना हें काम विसरूं नये.

हें सर्व करण्यापूर्वीं आपला पासवर्ड आपणांस पाठ आहे, किंवा घरच्या वहींत सुरक्षित लिहिला आहे, याची खात्री करावी. नाहीं तर चोरापूर्वीं धनीच दाराबाहेर राहावयाचा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यंत्रांतून आठवण पुसणें म्हणजे कुलूप बदलणें नव्हे. किल्ली चावडीवरून उचलली, तरी मधल्या काळांत कोणी तिची नक्कल केली असेल तर ती चालतेच. सबब सामाईक यंत्रावर पासवर्ड राहिल्याचा संशय येतांच तो पुसावा आणि लगेच नवा घ्यावा. नवा शब्द लांब असावा. मुलाचें नांव किंवा जन्मसाल त्यांत नसावें. आणि बँकेचा पासवर्ड बाजारास वापरूं नये. मोबाईलवर येणारा एकवार चालणारा आंकडा, म्हणजे ओटीपी, हाहि किल्लीचाच भाग असल्यानें तो कोणासहि सांगूं नये.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क (सी) प्रमाणें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. फसवणुकीनें पैसा गेल्यास प्रथम बँकेस कळवावें व विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. घटका गेली कीं पैसा पुढच्या खात्यांत सरकतो.

सोसायट्यांच्या चालकांसहि एक विनंति आहे. कचेरींतील ब्राउझरांत पासवर्ड जपून ठेवण्याची सोयच बंद करावी, आणि सभासदांचें काम ‘गेस्ट’ अथवा ‘इन्कॉग्निटो’ खिडकींत करावें. तेथील बिल्ले अशा सर्व खिडक्या मिटतांच नाहींसे होतात. काटा मारणाऱ्या व्यापाऱ्यावर आपण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवतों. तीच नजर दोन मिनिटें या यंत्राकडे वळवली, तर वर्षाच्या घामाचें मोल दुसऱ्याच्या हातीं जाण्याचें भय पुष्कळच कमी होईल.