वडिलोपार्जित रायफल

आपल्याकडे वडिलांकडून मुलाकडे शेत येतें, घर येतें, एखादें तांब्याचें घंगाळ येतें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खेड्यापाड्यांत यांजबरोबर आणखी एक वस्तु येते. ती म्हणजे आजोबांची रायफल. पेन्सिल्व्हेनियासारख्या संस्थानांत नोव्हेंबर महिना सरत आला कीं ती भिंतीवरून खालीं उतरते. तेथें हरणांच्या शिकारीचा हंगाम पुष्कळ वर्षें 'थँक्सगिव्हिंग' या सणानंतरच्या सोमवारीं सुरू होत असे, आणि त्या दिवशीं खेड्यांतल्या कितीतरी शाळा चक्क बंद राहत. २०१९ पासून हंगाम शनिवारीं सुरू होऊं लागला, तरी सोमवारची ती सुट्टी अनेक शाळांनीं सोडलेली नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं मात्र हें वाचून मुख्याध्यापकांकडे अर्ज करूं नये; आपल्या देशांत १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अशी शिकार हा गुन्हाच ठरलेला आहे.

ही जुनी रायफल बहुधा 'बोल्ट' जातीची असते. तिचें मर्म ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें आपल्या दाराची सरकती कडी पाहावी. नळीच्या मागें एक पोलादी दांडा असतो. त्याची मूठ वर उचलून मागें ओढली कीं उडालेलें काडतूस बाहेर फेकलें जातें. पुढें ढकलली कीं खालच्या पेटींतील नवें काडतूस नळींत शिरतें. आणि मूठ खालीं वळविली कीं दांड्याच्या तोंडाशीं असलेले दोन उंचवटे खाचांत घट्ट अडकतात. बार उडतांना आंत दर चौरस इंचास सुमारें ५०,००० पौंड दाब उत्पन्न होतो. तो दाब थोपवितात ते हे दोन उंचवटे, आणि त्यांस धरून ठेवणारी 'रिसीव्हर' नांवाची पोलादी चौकट. तिच्यामागें थोड्याच इंचांवर शिकाऱ्याचा डोळा असतो!

जर्मनींतील पौल माउझर यानें ही रचना १८९८ पर्यंत पूर्णत्वास नेली. अमेरिकन सरकारनें तिच्यावरून १९०३ सालीं आपली स्प्रिंगफील्ड रायफल तयार केली व नक्कल फारच हुबेहूब झाल्यामुळें माउझरच्या कंपनीस २,००,००० डॉलर मोजले. १९०६ सालीं तिच्यासाठीं नवें काडतूस निघालें. गोळीची जाडी इंचाचे तीस शतांश, आणि साल सहा, म्हणून त्याचें नांव 'थर्टी-ऑट-सिक्स'. पहिल्या महायुद्धानंतर या रायफली नागरिकांस विकत मिळूं लागल्या. लोकांनीं लांब लष्करी दस्ता कापून आखूड केला, नवी माशी बसविली, आणि सैनिकाचें हत्यार शिकाऱ्याचें झालें. जुन्या वस्तूंचे संग्राहक या कापाकापीबद्दल आज हळहळतात. परंतु ज्यास हिंवाळ्यासाठीं घरांत मांस आणावयाचें होतें त्यास दोष देणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

आतां महत्त्वाची गोष्ट. १९१७ सालीं कांहीं स्प्रिंगफील्ड रायफली बार उडतांना फुटल्या. चौकशी झाली तेव्हां कारण भट्टीपाशीं सांपडलें. रिसीव्हरचें पोलाद किती तापलें हें जुने कसबी लोहार त्याच्या रंगावरून केवळ डोळ्यांनीं ठरवीत असत. उष्णतामापक लावून पाहतां असें आढळलें कीं, ढगाळ दिवशीं जो रंग योग्य दिसे तोच रंग लख्ख उन्हाच्या दिवशीं दिसेपर्यंत पोलाद ३०० अंश फॅरनहाइटपर्यंत अधिक तापत असे. कारागीर अप्रामाणिक नव्हते, आळशी नव्हते. खिडकींतल्या उन्हानें त्यांस फसविलें. असें करपलेलें पोलाद वरून कठीण दिसतें, पण फटक्यासरशीं कांचेसारखें तडकतें. १९१८ सालीं ती कृति बदलली. तोंवर स्प्रिंगफील्ड येथील कारखान्यांत ८,००,००० पर्यंतच्या व रॉक आयलंड येथें २,८५,५०७ पर्यंतच्या क्रमांकाच्या रायफली होऊन गेल्या होत्या. हा सारा इतिहास लष्करी अधिकारी जुलियन हॅचर यानें १९४७ च्या आपल्या ग्रंथांत नोंदून ठेविला आहे.

त्यांतील चांगली कोणती व करपलेली कोणती हें बाहेरून पाहून ओळखतां येत नाहीं. "आजोबांनीं हिनें चाळीस वर्षें शिकार केली, मग भय कसलें?" असा प्रश्न नातू विचारतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण हजार बार सहन केलेली ठिसूळ चौकट, काडतुसाचें बूड फाटून वायु मागें आला तर त्याच बारास फुटूं शकते. म्हणून जुन्या लष्करी रायफली नागरिकांस विकणारी तेथील 'सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम' ही संस्था कमी क्रमांकाच्या या रायफली उडवूंच नयेत असें सांगते. वारसानें प्रथम काय करावें, तर काडतूस आणण्यापूर्वीं रिसीव्हरवरील क्रमांक वाचावा, आणि मग रायफल जाणत्या कारागिराच्या हातीं द्यावी. क्रमांक कमी निघाला तर ती भिंतीवरच राहते. घरांतील वडील माणसांस हें फार जड जातें.

दुसरें संकट मिठाचें. १९५० च्या सुमारापर्यंतच्या लष्करी काडतुसांच्या टोपींत पोटॅशियम क्लोरेट असे. तें जळलें कीं नळींत एक क्षार उरतो. पावसाळ्यांत आपल्या घरचें मीठ कसें पाझरतें हें कोंकणांतल्या मुलांस सांगावयास नको. हा क्षारही तसाच हवेंतील ओल शोषून घेतो व एका रात्रींत नळी गंजवितो. नवशिका भरपूर तेल ओततो आणि निश्चिंत निजतो. परंतु क्षार तेलांत विरघळत नाहीं, पाण्यांत विरघळतो. यास्तव जुनीं काडतुसें उडविल्यावर आजोबा प्रथम कढत पाणी नळींतून ओतीत, ती कोरडी पुशीत, आणि मगच तेलाचा हात फिरवीत. नळी आंतून पाहिली कीं त्या घरांत कोण निष्काळजी होतें तें कळतें.

हंगामांत शिकारी भडक नारिंगी कापड अंगावर घालतात. तसा कायदाच आहे. जंगलांत पहांटेच्या अंधुक प्रकाशांत मनुष्यास हरिण समजून गोळी सुटूं नये, एवढ्यासाठींच तो. पेटींत पांच काडतुसें मावतात, पण जाणता शिकारी पहिल्या गोळीवरच सारी भिस्त ठेवितो. पुढच्या खांद्याच्या किंचित् मागें, जेथें काळीज व फुप्फुसें असतात, तेथें नेम साधत नसेल तर तो चाप ओढीत नाहीं. कारण जखमी हरिण रानांत दूर जाऊन हाल हाल होऊन मरतें. बोल्टची रायफल दुसऱ्या गोळीस वेळ लावते. मूठ उचला, ओढा, ढकला, वळवा. तेवढ्यांत हरिण झाडींत दिसेनासें झालेलें असतें.