कमरेची आकडी

भाजावळीसाठी, म्हणजे शेतजमीन भाजण्यासाठी, झाडावर चढून कवळ (पानांच्या डहाळ्या) तोडणारा शेतकरी, माडावरचे नारळ उतरवणारा पाडेली, मोळीसाठी रानात निघालेला ठाकर किंवा कातकरी. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारावर यांच्या कमरेला, पाठीमागे, आकडी असते आणि आकडीत कोयता. रानात अवजार बाळगण्याची याहून नेटकी सोय मला माहीत नाही.

आकडी म्हणजे मधोमध खाच असलेला लाकडाचा घट्ट तुकडा. दोन्ही कडांच्या भोकांतून दोरी ओवून ती कमरेला बांधतात. पाते वरून खाचेत सोडले की मूठ वर राहते आणि पाते खाली लोंबते. काही ठिकाणी लोखंडी आकडीही वापरतात. सह्याद्रीच्याच रांगेत दक्षिणेला, कोडगूमध्ये, कोडवांचा रुंद कोयता असाच पाठीवर पितळी ‘तोडंग’मध्ये अडकवलेला असतो.

आकडीची जागा विचाराने ठरलेली आहे. झाडावर चढताना छाती, पोट आणि गुडघे खोडाला भिडतात, म्हणून पुढची बाजू मोकळी हवी. दोन्ही हात खोडाला हवेत आणि कोयता मात्र न पाहता एका हाताने निघायला हवा. तो तितक्याच खात्रीने परत बसलाही पाहिजे. वीस मीटर उंच माडावरून निसटलेला कोयता जमिनीवर पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 70 किलोमीटर असतो.

उघडेपणा हा आकडीचा दुसरा गुण. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सुमारे 7000 मिलिमीटर पाऊस पडतो. तिथे चामड्याच्या बंद म्यानात पाणी साचते, चामड्याला बुरशी येते आणि पाते गंजते. आकडीत पाणी थांबतच नाही.

निवडताना आपला कोयता बरोबर न्यावा. पाते खाचेत अडखळता कामा नये आणि चालताना खडखडताही कामा नये. आकडीची आतली बाजू पाठीच्या वळणाला बसावी. ती बांधून वाकून, उकिडवे बसून पाहावे. पाते पायाला लागत असेल तर ती आकडी आपली नव्हे.

निगा थोडी, पण नेमाची. कोयता आत ठेवण्यापूर्वी चीक आणि माती पुसावी. खाचेची टोके आणि दोरीची भोके तपासावीत, कारण लाकूड तिथूनच चिरते. दोरी पावसाळ्याआधी बदलावी. नायलॉनची दोरी कुजत नाही, पण उन्हाने कमकुवत होते. चामडी पट्टा वापरत असाल तर तो भिजल्यावर सावलीत वाळवा. चुलीजवळ टांगलेले चामडे आक्रसते आणि तडकते.

एक गोष्ट मात्र कधीही विसरू नये. आकडी असो वा बाजारातला अवजारपट्टा, तो फक्त अवजाराचे वजन पेलण्यासाठी असतो. उंचावर स्वतःला बांधून घेण्यासाठी वेगळा सुरक्षापट्टाच वापरा.