तीन रकान्यांतले ग्रंथालय

प्रश्न एकच, पण उत्तराचे रकाने तीन. एकट्याने बसून काम करायला ग्रंथालयात शांत जागा मिळते का? पहिल्या रकान्यात वाचकाने सांगायचे, निदान किती मिळाले तर आपण चालवून घेऊ. दुसऱ्यात, मनाजोगते म्हणजे किती. तिसऱ्यात, प्रत्यक्षात किती मिळते. प्रत्येक रकान्यात एक ते नऊमधला एक आकडा. अशी बावीस विधाने पुरी झाली की एका वाचकाला दिसणारे ग्रंथालय समोर येते. शेकडो वाचकांची उत्तरे एकत्र केली की ग्रंथपालाला आपल्या कारभाराचा असा हिशेब मिळतो, जो दाखलनोंदवहीत कधीच सापडत नाही.

या प्रश्नावलीचे नाव लिबक्वाल. अमेरिकेत २००० साली तिची पहिली चाचणी झाली. तेव्हापासून जगभरातल्या हजाराहून अधिक ग्रंथालयांनी ती वापरली आहे. ती समजून घ्यायची, तर आधी ग्रंथालये स्वतःला कशी मोजत होती ते पाहावे लागते.

मिनेसोटा विद्यापीठाचे ग्रंथपाल जेम्स गेरूल्ड यांनी १९०७-०८ या वर्षापासून विद्यापीठ ग्रंथालयांची आकडेवारी जमवायला सुरुवात केली. एकूण ग्रंथ किती, वर्षात नवे किती आले, नोकरवर्ग किती, खर्च किती. पुढे १९३२ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने, एआरएलने, हे काम आपल्याकडे घेतले. आजही ही आकडेवारी निघते आणि तिचा उपयोगही आहे. अर्थसंकल्पाच्या बैठकीत ग्रंथपालाच्या हाती काहीतरी ठोस असावे लागते. पण दहा लाख ग्रंथ असलेल्या ग्रंथालयातून हवे ते पुस्तक न मिळाल्याने परत गेलेला विद्यार्थी या तक्त्यात कुठेच नसतो. आर. एच. ऑर यांनी १९७३ मध्ये दोन प्रश्न एकमेकांपासून वेगळे काढून दाखवले: ग्रंथालय किती चांगले आहे, आणि त्यातून वाचकांचे किती भले होते? ग्रंथसंख्येवरून या दोहोंपैकी एकाचेही उत्तर मिळत नाही.

इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाचा अनुभव या बाबतीत फार शिकवणारा आहे. मायकेल बकलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथे एक साधी गोष्ट मोजली. विद्यार्थी पुस्तक शोधायला कपाटापाशी जातो तेव्हा ते जागेवर असते का? बरेचदा नसायचे, आणि नेमकी जास्त मागणीची पुस्तकेच बाहेर गेलेली असायची. त्यावर त्यांनी अशा पुस्तकांची घरी नेण्याची मुदत कमी केली आणि काहींच्या जादा प्रती घेतल्या. पुस्तके जागेवर सापडू लागली. मग विद्यार्थ्यांचा विश्वास वाढला, पुस्तके नेण्याचे प्रमाण झपाट्याने वाढले, आणि त्यामुळे पुस्तके पुन्हा कपाटातून गायब होऊ लागली. त्या टप्प्यावर कुणी नुसते ‘पुस्तक मिळाले का?’ असे विचारले असते, तर सुधारणा फसली असा निष्कर्ष निघाला असता. खरे तर ती इतकी यशस्वी झाली होती की वाचकांची अपेक्षाच वर गेली होती. सेवेचा दर्जा मोजताना अपेक्षा सोडून चालत नाही, हे लँकेस्टरने फार लवकर दाखवून दिले.

अपेक्षा मोजण्याची रीत मात्र ग्रंथालयशास्त्रातून आली नाही. ती बँका, क्रेडिट कार्डे आणि यंत्रदुरुस्तीच्या व्यवसायातून आली. मद्रासच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकलेले ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथॅमल आणि लिओनार्ड बेरी या तिघांनी १९८५ मध्ये सिद्धांत मांडला, की ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतले अंतर म्हणजे सेवेचा दर्जा. १९८८ मध्ये त्यांनी सर्व्हक्वाल ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिचे पैलू पाच: दिसणाऱ्या सोयी, भरवसा, तत्परता, कर्मचाऱ्यांबद्दल वाटणारा विश्वास आणि आपुलकी.

सिद्धांतावर टीकाही झाली. क्रोनिन आणि टेलर यांनी १९९२ मध्ये म्हटले, की अपेक्षा विचारायचीच गरज नाही, अनुभव विचारला की पुरे. हा वाद अजून मिटलेला नाही. ग्रंथालयापुरते पाहिले तर अपेक्षा विचारण्याची बाजू अधिक पटते. प्राध्यापक नियतकालिकांना सहा गुण देतो आणि पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सहाच देतो, तेव्हा दोघांचा अनुभव सारखा दिसतो. प्राध्यापकाला निदान सात हवे होते आणि विद्यार्थ्याला चार पुरेसे होते, हे कळल्यावरच ग्रंथपालाला पुढचा निर्णय घेता येतो.

टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९५ ते १९९९ या काळात सर्व्हक्वाल तीनदा वापरून पाहिले. बँकेसाठी शिवलेला अंगरखा ग्रंथालयाला नीट बसत नाही, हे तिथे लक्षात आले. मग ग्रंथालयाचे प्रमुख फ्रेड हीथ, त्यांच्या सहकारी कॉलीन कुक आणि मानसशास्त्रीय मोजमापाचे अभ्यासक ब्रूस थॉम्प्सन यांनी एआरएलच्या साथीने नवी प्रश्नावली बांधायला घेतली. त्यांनी सुरुवात आकड्यांपासून केली नाही. निरनिराळ्या विद्यापीठांत जाऊन प्राध्यापक, संशोधक आणि विद्यार्थ्यांशी सविस्तर बोलणे केले. अशा सुमारे ६० मुलाखतींतून जे हाती लागले, ते सर्व्हक्वालमध्ये नव्हते.

वाचक दोन गोष्टी आग्रहाने सांगत होते. पहिली ही, की आम्हाला आमचे आम्ही शोधू द्या. रात्री अकरा वाजता घरी बसून, कुणालाही न विचारता, हवा तो लेख मिळाला पाहिजे. बँकेच्या ग्राहकाची गाठ काउंटरवरच्या माणसाशी पडते. ग्रंथालयाच्या वाचकाला मात्र ती भेट टाळता आली तर अनेकदा हवीच असते. दुसरी गोष्ट जागेबद्दलची. ग्रंथालय म्हणजे निवांतपणा, एकाग्रता, आपण विद्यापीठात आहोत याची जाणीव. ‘दिसणाऱ्या सोयी’ या सदरात ही भावना मावत नव्हती. २००१ मध्ये ५६ विधानांपर्यंत वाढलेली प्रश्नावली काटछाट होऊन २००३ पासून बावीस विधानांवर स्थिरावली. तिचे पैलू तीन उरले: कर्मचाऱ्यांची वागणूक, माहितीवर वाचकाचा ताबा आणि ग्रंथालय ही जागा.

किमान आणि मनाजोगते या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्याला सहनशीलतेची कक्षा म्हणतात. अनुभवाचा आकडा त्या पट्ट्यात पडला तर वाचक चालवून घेतो. किमानाच्या खाली गेला तर तो दुरावतो. अहवालात कोळ्याच्या जाळ्यासारखा एक आलेख असतो. अनुभव किमानाच्या वर असेल तर तो भाग निळा, मनाजोगत्याला जितका कमी पडेल तितका पिवळा, आणि किमानाच्याही खाली गेलेला भाग लाल. आकडेशास्त्र न जाणणाऱ्या कुलगुरूंनाही लाल रंग कळतो, आणि ग्रंथपालाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. अनेक संशोधन ग्रंथालयांत हा लाल डाग एकाच ठिकाणी उमटला: प्राध्यापकांच्या उत्तरांत, नियतकालिकांच्या विधानापाशी. इमारत, कर्मचारी यांवर ते संतुष्ट होते, पण संशोधनाला लागणारी नियतकालिके त्यांच्या किमान अपेक्षेलाही पुरत नव्हती. पदवीच्या विद्यार्थ्यांचा जीव मात्र जागेत, शांततेत आणि बसायला मिळण्यात होता. सगळ्यांची सरासरी काढली असती तर दोघांचेही म्हणणे हरवले असते.

आकड्यांशेजारी मोकळ्या अभिप्रायाची एक चौकटही असते आणि पुष्कळ वाचक ती भरतात. आकडा दुखते कुठे ते सांगतो, काय दुखते ते या चौकटीत कळते. ब्रिटनमध्ये २००३ साली स्कोनल या संघटनेमार्फत २० संस्थांनी लिबक्वालची चाचणी घेतली. पुढे प्रश्नावलीची फ्रेंच, स्वीडिश, आफ्रिकान्स अशा भाषांत भाषांतरे झाली. बावीस विधाने आणि प्रत्येकी तीन आकडे भरून वाचक कंटाळतात, अर्ध्यावर सोडून देतात, ही तक्रार मात्र सगळीकडे होती. त्यावर ‘लाइट’ आवृत्ती निघाली. तीत प्रत्येकाला बावीसपैकी आठच विधाने विचारतात. तीन सगळ्यांना सारखी, उरलेली पाच ज्याची त्याला वेगळी. एका माणसाकडून थोडे आणि सगळ्यांकडून मिळून पूर्ण चित्र घेण्याची ही युक्ती वाचकाच्या वेळेचा मान राखणारी आहे. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच चौथे सूत्र म्हणून सांगून ठेवले आहे. सर्वेक्षणालाही ते लागू पडते.

तरीही प्रश्नावलीला सगळे कळत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने नॅन्सी फ्राइड फॉस्टर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंना नेमून विद्यार्थी निबंध कसा लिहितात याचा अभ्यास केला. विद्यार्थ्यांना साधे कॅमेरे दिले आणि छायाचित्रांची यादी दिली: नेहमी जवळ बाळगता त्या वस्तू, ग्रंथालयातली तुम्हाला हरवल्यासारखे वाटते ती जागा. दिवसभराच्या हालचालींचे नकाशेही काढून घेतले. अडल्यावर मुले ग्रंथपालांकडे न जाता आईवडिलांना फोन करतात, हे त्यातून कळले. तेव्हा ग्रंथालयाने नव्या विद्यार्थ्यांच्या पालकांसाठीच न्याहारीचा कार्यक्रम ठेवला आणि मुलांना ग्रंथपालांकडे पाठवा असे त्यांना सांगितले. २००७ साली हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. ‘अडल्यावर आईला फोन करता का?’ असा प्रश्न कोणत्याही ग्रंथपालाच्या प्रश्नावलीत आला नसता. इलिनॉयमधल्या पाच विद्यापीठांनी २००८ ते २०१० दरम्यान असाच अभ्यास केला. विद्यार्थ्यांना शोध घेता येत नाही आणि तरी ते ग्रंथपालांना विचारत नाहीत, असे त्यात दिसले. सर्वेक्षणात हेच विद्यार्थी आपल्याला शोधता येते असे लिहून मोकळे झाले असते. म्हणून सर्वेक्षण आणि असे निरीक्षण दोन्ही हवे.

विचारायचे कुणाला, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. देवघेव विभागाच्या खिडकीवर अर्ज वाटले की उत्तरे येतात ती येणाऱ्यांची. न येणाऱ्याचे मत तिथे कधीच मिळत नाही, आणि ग्रंथालयाला त्याचीच सर्वाधिक गरज असते. लिबक्वालची शिफारस अशी, की विद्यापीठाच्या पूर्ण यादीतून नावे निवडून प्रश्नावली पाठवावी, आणि उत्तरे देणाऱ्यांत विद्याशाखा व वर्गांचे प्रमाण मूळ संख्येशी जुळते का ते तपासावे.

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत अभिप्राय घेण्याची पद्धत आता रुळली आहे, ती मुख्यतः उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे. २०१७ पासूनच्या मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आले. त्यात वीस वस्तुनिष्ठ प्रश्न आणि एक मोकळा प्रश्न असतो, पण भर अध्यापनावर असतो. ग्रंथालयाचा विचार वेगळ्या निकषाखाली होतो, आणि तिथे पुन्हा खर्च, संगणकीकरण, रोज येणाऱ्यांची संख्या असे आकडेच पुढे असतात. महाविद्यालये स्वतः अर्ज भरून घेतात खरी, पण पुष्कळदा समितीच्या भेटीआधी, एका बैठकीत आणि ग्रंथालयातच. विद्यार्थी ‘उत्तम’वर खूण करतो, कारण समोर बसलेल्या सरांना त्याला दुखवायचे नसते. अशा अर्जांतून दप्तर पुरे होते, पण ग्रंथालयात काहीच बदलत नाही.

आणि विचारण्यासारखे तर पुष्कळ आहे. पुण्यातल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले स्वतःची पुस्तके घेऊन दिवसभर बसतात. त्यांना ग्रंथालयाकडून पुस्तक नको, टेबल आणि उजेड हवा असतो. त्याच वेळी संशोधक विद्यार्थ्याला दूरस्थ प्रवेश हवा असतो. शासकीय संस्थांना संशोधनाची नियतकालिके एकत्रित वर्गणीतून मिळवून देणाऱ्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके एवढा तिचा पसारा. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या आलेखात लाल डाग पडला होता तो याच जागी. पण गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाशी संलग्न एखाद्या शासकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला ही नियतकालिके प्रत्यक्षात उघडतात का, विद्यार्थ्याला त्यांची माहिती तरी आहे का, हे खरेदीच्या आकड्यांवरून कळणार नाही. ते त्यांना विचारावेच लागेल. आणि मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना ते मराठीत विचारावे लागेल.

त्यासाठी महागड्या आज्ञावलीची गरज नाही. बावीस नाही तर दहा प्रश्न, तीन रकाने, नाव न घेता दिलेली उत्तरे आणि खिडकीबाहेरच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचणारी यादी एवढे पुरेसे आहे. विद्यापीठांच्या ग्रंथालय समित्यांनी या शैक्षणिक वर्षात एवढे तरी करावे. आणि निकाल लागला की तो दर्शनी फलकावर लावावा: वाचकांनी काय सांगितले, त्यातले काय केले, काय करता आले नाही आणि का.