परतीचा पाऊस आणि उपनगरांचा आठवडा

भाद्रपद सरून आश्विन लागला की मुंबई उपनगरांत पावसाळा संपल्यासारखे वाटू लागते. दुपारचे ऊन चटका देते, बोरिवलीच्या डोंगरउतारावरील गवत पिवळसर पडू लागते आणि छत्र्या खुंटीला लागतात. हवामानाच्या नोंदींतही पावसाळी हंगाम १ जून ते ३० सप्टेंबर असाच धरला जातो. परंतु निसर्ग दिनदर्शिका पाहून चालत नाही. मुंबईतून नैर्ऋत्य मोसमी वारे परतण्याची सर्वसाधारण तारीख पूर्वी २९ सप्टेंबर मानली जात असे. अनेक वर्षांच्या नोंदींचा विचार करून भारतीय हवामानशास्त्र विभागाने २०२० मध्ये ती ८ ऑक्टोबर अशी सुधारली. त्याच वर्षी हे वारे मुंबईतून प्रत्यक्ष परतले ते ऑक्टोबरच्या अखेरच्या आठवड्यात. म्हणूनच या दिवसांतील साप्ताहिक अंदाज नीट वाचणे अगत्याचे ठरते.

वारे परतले असे केव्हा म्हणतात?

एक-दोन दिवस ऊन पडले म्हणजे पावसाळा संपला, असे हवामानशास्त्र मानत नाही. परतीची सुरुवात वायव्य भारतातून, राजस्थानच्या बाजूने होते. सलग पाच दिवस पाऊस नसणे, हवेतील बाष्प लक्षणीय प्रमाणात घटणे आणि वातावरणाच्या खालच्या थरात प्रत्यावर्ती वाऱ्यांची रचना तयार होणे, या खुणा पटल्यावरच तेथून वारे परतल्याचे जाहीर केले जाते. त्यानंतर परतीची सीमारेषा हळूहळू दक्षिणेकडे सरकते. दरम्यान बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाले, तर ही वाटचाल रेंगाळते आणि कोकणात पुन्हा जोरदार पाऊस होऊ शकतो.

या काळातील पावसाची रीतही निराळी असते. जुलैचा पाऊस समुद्रावरून येतो आणि दिवसदिवस कोसळत राहतो. परतीच्या काळात सकाळ स्वच्छ असते. ऊन जमीन तापवते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर सह्याद्रीकडे उंच ढग उभे राहतात. वरच्या थरातील पूर्वेकडील वाऱ्यांबरोबर ते ठाणे, मुलुंड, भांडुपच्या दिशेने सरकतात आणि संध्याकाळी विजांच्या कडकडाटासह कोसळतात. ग्रामीण भागात जो हस्ताचा, म्हणजे हत्तीचा पाऊस म्हणतात, तो याच दिवसांतला.

एक शहर, दोन मोजमापे

मुंबईचा पाऊस मुख्यतः दोन वेधशाळांत मोजला जातो : दक्षिणेस कुलाबा आणि उपनगरांसाठी सांताक्रूझ. या दोहोंतील अंतर फार नाही; पण २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुलाब्याची नोंद ७५ मिलिमीटरच्याही आतच राहिली. अंधेरीच्या नागरिकाने कुलाब्याच्या आकड्यावर विसंबून चालणार नाही, हे यावरून स्पष्ट होते. जोगेश्वरीजवळील वेरावली येथे २०२२ मध्ये दुसरे डॉप्लर रडार सुरू झाल्यामुळे उपनगरांवरील ढगांचा वेध घेणे अधिक सुकर झाले आहे.

सप्टेंबरचा उत्तरार्धही निर्धोक नसतो. सांताक्रूझ येथे २० सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत सुमारे ३०४ मिलिमीटर, तर २३ सप्टेंबर २०२० रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत सुमारे २८६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला.

अंदाज कसा वाचावा?

पत्रकातील प्रत्येक शब्दाला निश्चित अर्थ असतो. ‘तुरळक ठिकाणी’ याचा अर्थ त्या विभागातील एक चतुर्थांशापर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, असा आहे. पाऊस हलका असेल, असा नव्हे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस म्हणजे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’. म्हणून ‘तुरळक ठिकाणी जोरदार पाऊस’ हे वाक्य परस्परविरोधी नाही. घाटकोपर चिंब होईल आणि बोरिवली कोरडी राहील, असे त्यातून सूचित होते.

रंगांचेही तसेच आहे. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे कृती करा. सात दिवसांपैकी पहिल्या दोन दिवसांचा अंदाज अधिक भरवशाचा असतो. पाचव्या-सहाव्या दिवसाचा अंदाज केवळ कल दाखवितो. गडगडाटी ढग तर काही तासांतच जन्म घेतो. त्यामुळे पत्रक एकदा वाचून न ठेवता रोज पाहणे इष्ट होय.

कोणी काय करावे?

उपनगरांतील टेकड्यांच्या उतारावर दाट वस्ती आहे. घाटकोपर येथे जुलै २००० मध्ये आणि चेंबूर व विक्रोळी येथे १८ जुलै २०२१ रोजी झालेल्या दुर्घटनांत अनेकांचे प्राण गेले. चार महिन्यांच्या पावसाने माती आधीच भिजलेली असल्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमधील एखादी मोठी सरही घातक ठरू शकते. दरडप्रवण वस्त्यांवरील देखरेख ३० सप्टेंबरला न थांबविता वारे परतल्याच्या घोषणेपर्यंत चालू ठेवणे हाच शहाणपणा आहे.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून शाळेतच पर्जन्यमापन करून घ्यावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. या हिशेबाने एक हेक्टर मैदानावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा लाख लिटर पाणी जमते. नाले का तुंबतात, हे मुलांना यावरून सहज उमजते. गडगडाट ऐकू येताच मुलांना मैदानातून पक्क्या इमारतीत न्यावे. झाडाखाली थांबू देऊ नये. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई येथील कोळीवाड्यांत याच सुमारास वलांड्यांवर बोंबील वाळू लागतात. दुपारनंतरचा इशारा तेथे वेळीच पोहोचला, तर माल वाचतो.

उकाडा हाही याच ऋतूचा भाग होय. ढग हटलेले असतात, जमीन ओलसर असते आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो. त्यामुळे पारा ३३-३४ अंशांवर असला तरी घामाने जीव हैराण होतो. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास वाढते. म्हणून आठवड्यातून एक दिवस पिंपे व कुंड्या कोरड्या कराव्यात.

परतीच्या पावसाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. तुळशी व विहार या उपनगरांतील तलावांसह सात जलाशयांत १ ऑक्टोबरला किती साठा आहे, यावर मुंबईचे पुढील वर्षाचे पाणी ठरते. जाता जाता पडणारा हा पाऊस त्या साठ्यात शेवटची भर घालतो. त्याचे स्वागत करावे. मात्र तो निरोप घेईपर्यंत सावधानता सोडू नये.