पूर्ण पूल एकाच फोटोत, आणि भेगही दिसेल! मोठा पॅनोरमा कसा काढतात?

सांगली : कृष्णेचं पाणी वाढलं की सांगलीत पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 फुटांना धोका पातळी धरतात. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. 1929 साली सुरू झालेल्या या पुलाचे फोटो घरोघरी मोबाईलमध्ये आहेत. पण फोटो बोटांनी मोठा करून बघितला की सगळं धूसर. सांधा कुठं, भेग कुठं, काहीच कळत नाही.

धूसर का दिसतं?
फोटो बारीक ठिपक्यांचा बनतो. त्यांना पिक्सेल म्हणतात. 12 मेगापिक्सेलच्या फोटोत आडवे साधारण 4 हजार ठिपके असतात. समजा पूल 250 मीटर लांब आहे आणि तो पूर्ण फोटोत घेतला, तर एका ठिपक्यात सहा सेंटीमीटर पूल बसतो. मग बोटभर भेग दिसणार कशी? तोच फोटो 50 हजार ठिपके रुंद असेल, तर एका ठिपक्यात फक्त अर्धा सेंटीमीटर येतो.

एवढा मोठा फोटो कसा बनतो?
कॅमेरा तिपाईवर पक्का बसवतात. लांबचं जवळ आणणारी लेन्स लावून पुलाचे तुकड्या-तुकड्यांनी फोटो घेतात. प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा यावा लागतो. त्या सारख्या भागावरूनच कॉम्प्युटर तुकडे जुळवतो. उजेड आणि फोकस सगळ्या फोटोंना एकच ठेवतात, नाहीतर जोड उठून दिसतात. 24 मेगापिक्सेलचे 60 फोटो जोडले, तर दुबार भाग वजा जाता अंदाजे 70 कोटी ठिपक्यांचं एकच चित्र मिळतं.

मोबाईलवर काय करता येईल?
मोबाईल उभा धरावा, कोपर अंगाला चिकटवावेत आणि जागेवरच सावकाश वळावं. चालत चालत काढलं की जवळचं झाड, खांब तुटके दिसतात. गाड्या कमी असताना, सकाळी काढावा. हलती गाडी अर्धी किंवा दोनदा येते. सरळ पूल धनुष्यासारखा वाकलेला दिसला तर घाबरू नये, वळत काढल्यामुळे तसं दिसतं. व्हॉट्सॲपवर साधा पाठवला तर फोटो बारीक होतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

उपयोग काय?
2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. एसटीच्या दोन बसही नदीत गेल्या. आपल्या भागातल्या जुन्या पुलाचा पावसाळ्याआधी आणि नंतर, एकाच जागेवरून, तारखेसह फोटो काढून ठेवला तर नवीन भेग, निसटलेला दगड, सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप लगेच नजरेत येतं. ग्रामसभेत किंवा बांधकाम विभागाकडे अर्ज देताना तोच फोटो जोडता येतो.

पण फोटो म्हणजे तपासणी नव्हे. पुराच्या पाण्यानं खांबाच्या बुडातली माती-वाळू खरवडली जाते, ते पाण्याखाली असतं. फोटोत पूल धडधाकट दिसला तरी पाया पोकळ झालेला असू शकतो. ते इंजिनिअरनेच तपासायला हवं. आणि पूर आलेला असताना फोटोसाठी पुलावर किंवा काठावर अजिबात जाऊ नये.