मध खरोखर ‘हळूहळू चढतो’ का?

“डॉक्टर, साखर पूर्ण बंद केली. आता चहात मधच घालतो. मधाची साखर म्हणे हळूहळू चढते!” मधुमेही रुग्णांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकतो. महाबळेश्वरहून रत्नागिरीस परतणारी मंडळी तर ‘मधुमेहाला चालतो’ म्हणून जांभळाच्या मधाची बाटली आवर्जून आणतात. या समजुतीत तथ्य किती, ते पाहू.

मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते, मुख्यतः फ्रुक्टोज व ग्लुकोज. आपली साखरही याच दोन शर्करांच्या जोडीने बनते. मधात मधमाशीने ही जोडी आधीच फोडलेली असते. ग्लुकोज सरळ रक्तात उतरते. फ्रुक्टोज बरेचसे यकृतात जाते, त्यामुळे रक्तातील साखर तितकी उसळत नाही. ग्लुकोजने साखर चढण्याचे प्रमाण १०० धरले, तर साखरेचे ६५ च्या आसपास आणि मधाचे साधारण ५५ ते ६० भरते. फुलोऱ्याप्रमाणे ते कमीजास्त होते. ‘हळूहळू’ची गोष्ट एवढ्यावरच उभी आहे.

हा लहानसा फायदाही चमच्यात बुडतो. चहाचा चमचाभर मध सुमारे ७ ग्रॅम, म्हणजे साडेपाच ग्रॅम शर्करा. सपाट चमचा साखर मात्र चार-पाच ग्रॅमच!

आणखी एक पुरावा. औषधांमुळे रक्तातील साखर एकदम उतरून घाम, थरथर सुटली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, किंवा मोठा चमचाभर मध चालतो. पंधरा मिनिटांत साखर वर येते. असा पदार्थ सावकाश चढणारा कसा म्हणावा? (रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्वरित रुग्णालय गाठावे.)

जांभळाचा मध हा फुलांतील मकरंदाचा असतो, बियांचा नव्हे. त्याचीही शर्कराच होते. ऊर्जा सावकाश हवी असेल तर कुळीथ, मूग, चवळीची उसळ खावी.

मध वाईट नाही. निरोगी माणसाने आवडीने चमचाभर खावा. मधुमेह्याने तो साखरेच्याच हिशेबात धरावा. आणि एक वर्षाखालील बाळाला मात्र मधाचे बोटही चाटवू नये. त्यातील बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू तान्ह्याच्या जिवावर बेतू शकतात. बारशाच्या उत्साहात आजीबाईंनी एवढे जरूर लक्षात ठेवावे.